पोटाला जरा सैल होऊ द्या

२०२५ च्या मार्च महिन्यात 'मौंजारो' नावाचं एक इंजेक्शन आपल्या देशात विक्रीला आलं. पाठोपाठ जूनमध्ये 'वेगोवी' आलं. पहिलं अमेरिकेच्या एलाय लिली कंपनीचं, दुसरं डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कचं. आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं आणि वजन उतरतं, अशी त्यांची ख्याती. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला होता आणि घरातल्या तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करा, असं सुचवलं होतं. थोडक्यात काय, पोट हा सध्या राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आहे. भिशीत, लग्नाच्या मांडवात, भाजीच्या गाडीपाशीसुद्धा "ते पोटाचं इंजेक्शन" निघतंच. कोणाची नणंद पुण्यात घेते, कोणाच्या जावेला डॉक्टरांनी सुचवलंय.

पण मैत्रिणींनो, हे इंजेक्शन नेमकं करतं काय, हे विचारलं तर उत्तर फार साधं आहे. भूक कमी लागते आणि चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. 'पोट भरलं' ही भावना आता बाटलीत आणि पेनात भरून विकायला आली आहे. मौंजारोची सगळ्यात कमी ताकदीची बाटली बाजारात आली तेव्हा तिची किंमत होती साडेतीन हजार रुपये. महिन्याच्या चार बाटल्या, म्हणजे चौदा हजार. आपल्याकडे कितीतरी घरांत महिन्याचा किराणा, दूध, गॅस आणि मुलांची फी मिळून एवढा खर्च होतो.

मला मात्र या बातम्या वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. बचत गटाच्या कामात रोज पंचवीस-तीस बायकांशी बोलणं होतं. त्यात पोटाच्या तक्रारी दोन तऱ्हेच्या. एक म्हणते, "ताई, कितीही खाल्लं तरी समाधान होत नाही, आणि वजन तर वाढतच चाललंय." दुसरी म्हणते, "दोन घास खाल्ले की पोट टम्म होतं, पुढे जातच नाही." गंमत म्हणजे दोघी एकाच गल्लीत राहतात, एकाच दुकानातून किराणा आणतात. ही फक्त आमच्या गल्लीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २१ टक्के गरजेपेक्षा हडकुळ्या निघाल्या आणि सुमारे २३ टक्के जाड. आणि रक्त कमी असलेल्या किती? ५४ टक्के. अर्ध्याहून जास्त! वर्तमानपत्रात चर्चा होते ती या २३ टक्क्यांची, कारण औषध त्यांच्यासाठी निघालंय.

दोन्ही तक्रारींचं एक मूळ आपल्या जठरातच आहे, असं शास्त्र सांगतं. खाताना जठर सैल होतं की नाही, किती होतं, आणि त्याला त्यासाठी सवड मिळते की नाही. हे सगळं जरा सविस्तर सांगते. शास्त्राचं नाव काढलं म्हणून पान उलटू नका.

रिकामं जठर अगदी लहान असतं, अर्धा कप पाणी मावेल एवढी जागा. आतून घड्या पडलेल्या, वरून आवळलेल्या पिशवीसारखं. आपण पहिला घास गिळतो तेव्हा तो अजून अन्ननलिकेत असतानाच जठराचा वरचा भाग सैल व्हायला लागतो. पाहुणे फाटकाशी दिसले की आपण पटकन पसारा आवरून सतरंजी अंथरतो ना, तसंच. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी 'व्हेगस' नावाची एक लांबलचक नस आहे, तिच्यामार्फत हा हुकूम येतो. मग जसजसं अन्न येत जातं तसतसं जठर आणखी सैलावतं. फुग्यात हवा भरली की आतला दाब वाढत जातो. जठराचं तसं नाही. लिटर-दीड लिटर अन्नपाणी आत गेलं तरी आतला दाब फारसा वाढत नाही. म्हणून तर आपण पोटभर जेवूनही सुखात राहू शकतो. डॉक्टर लोक याला 'गॅस्ट्रिक अकोमोडेशन' म्हणतात. आपण त्याला सामावून घेणं म्हणू. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर १९११ साली याचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे या माहितीला शंभर वर्षं उलटून गेली.

जठराचा वरचा भाग ही झाली ओसरी. खालचा भाग म्हणजे घरातलं जातं. तिथे अन्न घुसळून, वाटून, अगदी बारीक होतं आणि थोडं थोडं पुढे आतड्यात सोडलं जातं. ओसरीत जागा असली की अन्न तिथे निवांत थांबतं आणि जात्यात बेताबेताने उतरतं. आतला दाब वाढत नसला तरी भिंतींना ताण बसतच असतो, आणि त्या ताणाचा निरोप त्याच व्हेगस नसेतून वर मेंदूकडे जात असतो. जोडीला आतड्यातून निघणारे संप्रेरकांचे निरोप. भूक लावणारं 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक खाल्ल्यावर उतरतं, ते वेगळंच. हे सगळे निरोप जमले की आपल्याला वाटतं, झालं, आता बास. या जमाजमवीला वेळ लागतो. पाच मिनिटांत ताट रिकामं करणाऱ्याच्या बाबतीत हे निरोप वाटेतच असतात, तोवर त्याची तिसरी पोळी झालेली असते.

म्हणजे बघा, सैल होणं दोन्ही बाजूंनी बिघडू शकतं. अमेरिकेत खाण्याच्या शर्यती लागतात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ साली अशा एका शर्यतपटूच्या पोटाची क्ष-किरण तपासणी केली, खाता खाताच. शेजारी एक साधा, दणकट खाणारा गडी बसवला होता. तो सात हॉट डॉग खाऊन "आता एक घास जरी खाल्ला तरी ओकारी होईल" या अवस्थेला आला. शर्यतवाल्याने दहा मिनिटांत छत्तीस खाल्ले, आणि शेवटी डॉक्टरांनीच त्याला थांबवलं. त्याचं जठर पसरत पसरत पोटभर पिशवी झालं होतं, तरी त्याला पोट भरल्यासारखं वाटतच नव्हतं! आपल्याकडे जत्रेत जिलेब्या खाण्याच्या पैजा लागायच्या, त्यातल्या मंडळींची पोटंही कोणी तपासायला हवी होती.

उलट बाजू आपल्या जास्त ओळखीची. जठराचा वरचा भाग सैल झालाच नाही, तर? पाहुण्यांना ओसरीत जागाच नाही, मग ते सरळ आत घुसतात. अन्न लवकर खालच्या भागात ढकललं जातं, तो ताणला जातो, आणि दोन घासांत पोटाला तडस लागते. भूक असते, पण खाववत नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात यान टाक यांच्या गटाने १९९८ साली असे रुग्ण तपासले. अल्सर नाही, गाठ नाही, तरी सतत अपचन, अशी मंडळी. त्यांच्यात दर दहांपैकी चौघांचं जठर जेवणानंतर हवं तसं सैल होत नव्हतं. आणि नेमके हेच लोक "लवकर पोट भरतं" म्हणत होते, यांचंच वजन उतरलेलं होतं. अपचनाची ही तऱ्हा पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसते.

आमच्या गटातली एक बाई वर्षभर हेच सांगत होती. घरात तिचं नाव पडलं होतं, 'चिमणीसारखं खाते'. सासरचे म्हणायचे नखरे, माहेरचे म्हणायचे दृष्ट लागली. एका डॉक्टरांनी तर "मनाला लावून घेऊ नका" म्हणून गोळ्या दिल्या, पोटाला हात लावून बघितलंसुद्धा नाही. चिमणीसारखं खाणं कोणी हौसेने करत नाही हो. पोटात कावळे ओरडत असताना ताटावरून उठावं लागणं ही काय नखऱ्याची गोष्ट आहे?

आता 'मनाला लावून घेणं' हा शब्द आलाच आहे तर त्याचंही ऐका. लूव्हेनच्याच संशोधकांनी २००५ साली धडधाकट लोकांवर एक प्रयोग केला. जठरात एक नाजूक फुगा सोडला, म्हणजे सैल होणं मोजता यावं. मग त्या माणसाला त्याच्याच आयुष्यातली एक भीतीची आठवण टेपवर ऐकवली आणि घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. दुसऱ्या वेळी साधी, बिनत्रासाची आठवण. भीतीच्या वेळी जठर कमी सैल झालं, जेवण तेवढंच असून पोट जास्त भरल्यासारखं वाटलं. आपल्या भाषेला हे कधीपासून माहीत आहे. 'पोटात गोळा आला' असं आपण म्हणतो, 'घास घशाखाली उतरत नाही' असंही म्हणतो. तेव्हा मनाचं कारण असलं तरी तक्रार खोटी ठरत नाही. पोट खरोखरच आवळलेलं असतं.

मग मी आपल्या घरातल्या बाईचं जेवण डोळ्यांसमोर आणते. सकाळी डबे करताना ओट्याशी उभ्या उभ्या चहाबरोबर एक पोळी, ती पण कडेची करपलेली. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दीड-दोन वाजता. तोवर भूक मेलेली असते. ताट घेऊन बसलं की फोन, दारावर कुरिअरवाला, सासऱ्यांचं औषध. संध्याकाळी मुलांनी टाकलेला भात 'वाया कशाला' म्हणून. रात्री पुन्हा सगळ्यांना वाढून, उरेल ते. त्यात उद्याच्या भाजीचा विचार, फीचा विचार, आणि ज्या घरात नवरा पिऊन येतो तिथे दाराकडे कान. या सगळ्यात जठराने सैल कधी व्हायचं?

हे मी नुसतं भावनेने बोलत नाही. सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसभर काय करतं याचा हिशेब. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं त्यात निघालं, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८ मिनिटं. हात लावणाऱ्या हं, न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. या पाच तासांत मोठा भाग दुसऱ्यांच्या जेवणाचा. स्वतःच्या ताटाला मात्र दहा मिनिटं मिळाली तरी नशीब.

घाईचे दोन वेगवेगळे परिणाम होतात, म्हणून एकाच गल्लीत दोन तक्रारी दिसतात. जिला भूक मारून, उशिरा, भराभर खायची सवय, तिचे निरोप मागे पडतात आणि तिचं जेवण जास्त होतं. त्यात ते उरलेलं भात-बटाट्याचं असतं, कारण भाजी आणि उसळ आधीच संपलेली. जिच्या मनावर सतत दडपण, तिचं पोट सैलच होत नाही, ती दोन घासांत उठते. शिवाय कमी खाण्याचीही पोटाला सवय लागते. "आमचं पोटच लहान झालंय आता" असं म्हाताऱ्या बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १९९६ साली जाड माणसांना चार आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवून पाहिलं, तर जठराची सामावून घेण्याची ताकद चांगलीच घटलेली आढळली. ज्यांना वजन उतरवायचंय त्यांना ही बातमी बरी वाटेल. पण जिचं वजन आधीच चाळीस किलो आहे, जिचं रक्त कमी आहे, तिच्यासाठी ही फार वाईट बातमी. रक्त कमी म्हणून भूक मंद, भूक मंद म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून रक्त आणखी कमी. गावाकडे तर भूक मारायला मिश्री आहेच. दाताला लावते म्हणतात, पण तंबाखूच ती. भूक मारते आणि तोंडाच्या कॅन्सरला बोलावणं करते.

काय खातो यालाही महत्त्व आहे. १९९९ साली पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी चोवीस बायकांना जेवणाआधी तीन तऱ्हेने तेच पदार्थ दिले. एकदा कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ, एकदा तोच पदार्थ आणि वर पेलाभर पाणी, एकदा तेच पाणी त्यात शिजवून केलेलं सूप. सूप प्यायलेल्या दिवशी बायका नंतर कमी जेवल्या. नुसतं पाणी सोबत पिऊन तो परिणाम झाला नाही. पाणी एकटं असलं की जठरातून भुर्रकन निघून जातं, अन्नात मिसळलेलं असलं की थांबतं, जागा व्यापतं. आपल्या आमटी, कढी, पातळ भाजी, आंबील यांचं मोल यावरून कळावं. वजन उतरवायचंय तिने जेवणाच्या सुरुवातीला वाटीभर आमटी प्यावी, हा सल्ला इंजेक्शनपेक्षा किती स्वस्त! पण जिला दोन घासांतच तडस लागते तिने मात्र उलट करावं. पातळाने पोट भरू नये, आधी उसळ, अंडं, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. ताक नंतर तासाभराने. एकच सल्ला सगळ्यांना लागू होत नाही, आणि टीव्हीवरच्या आहारतज्ज्ञ बाई नेमकं हेच सांगत नाहीत.

पाकिटबंद खाण्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे घरच्यासारखं. हवं तेवढं खायची मुभा. २०१९ साली निष्कर्ष आला. तयार अन्नावर असताना लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, चावायला न लागणारं, भरभर आत जाणारं. बिस्किटाचा पुडा कधी संपतो कळत नाही, पण ज्वारीची भाकरी अशी भरभर कोणी खाऊन दाखवावी!

आपल्या जुन्या लोकांना या गोष्टीची जाण होती. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त पोटाचे चार भाग कल्पून सांगितलंय की दोन भाग अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थांनी, आणि एक वाऱ्याला हिंडाफिरायला मोकळा ठेवावा. पंगतीत श्लोक म्हणायचे, मग यजमान हात जोडून सांगायचा, "सावकाश होऊ द्या." किती चांगली रीत! पण हे सांगितलं जायचं पाटावर बसलेल्यांना. पंगतीत वाकून वाकून वाढणाऱ्या बाईला सावकाश होऊ द्या असं कोणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. तिची पंगत शेवटची, आणि तोवर जिलबी संपलेली.

आता पुन्हा इंजेक्शनाकडे येऊ. ते खोटं औषध नाही, हे आधी स्पष्ट सांगते. जेवल्यावर आतड्यातून 'जीएलपी-१' नावाचं एक संप्रेरक निघतं. ते मेंदूला सांगतं पुरे, जठराला सांगतं हळूहळू सोड, आणि जठराचा वरचा भाग सैल ठेवतं. वेगोवीमधलं सेमाग्लुटाइड हे त्याचीच नक्कल आहे. मौंजारोत त्याच्या जोडीला आणखी एक संप्रेरक आहे. शरीरातलं खरं संप्रेरक काही मिनिटांत विरून जातं, ही नक्कल आठवडाभर टिकते. म्हणजे अन्न जठरात रेंगाळतं आणि भरल्याची भावना जात नाही. मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ज्यांना मधुमेह आहे, गुडघे गेलेत, हृदयाला धोका आहे, अशा खरोखर जाड माणसांना याचा मोठा उपयोग आहे. त्यांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं. त्यांना 'आळशी' म्हणून हिणवणाऱ्यांचं मला पटत नाही.

पण औषध थांबवलं की भूक परत येते. त्याच चाचणीतल्या लोकांचं औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. म्हणजे हा खर्च कायमचा धरून चालायचा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास अनेकांना होतात. खाणं घटलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. आपल्याकडे बायकांच्या ताटात मुळात प्रथिनं कमी, त्यात ही भर. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि देशी कंपन्या त्यासाठी केव्हाच्या तयारीला लागल्या होत्या. औषध स्वस्त होणं चांगलंच. माझी भीती वेगळी आहे. लग्नाआधी पाच किलो उतरवायला पोरी चिठ्ठीशिवाय हे घ्यायला लागतील, आणि ज्यांचं पोट आधीच आवळलेलं आहे अशा हडकुळ्या, रक्त कमी असलेल्या मुलीसुद्धा. त्यांना भूक मारणारं औषध म्हणजे आगीत तेल. चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे, हे औषधाच्या दुकानदारालाही माहीत असतं आणि आपल्यालाही असायला हवं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. लवकर पोट भरणं दर वेळी दडपणामुळेच असतं असं नाही. आठवडेच्या आठवडे पोट फुगलेलं, थोडं खाल्लं की भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, अशी लक्षणं एकत्र असली तर अंडाशयाच्या कॅन्सरची शंका घ्यावी लागते, विशेषतः चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर. वजन आपोआप उतरणं, काळी शौच, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, यात जठराचा आजार असू शकतो. जुन्या मधुमेहात व्हेगस नसेलाच इजा होते आणि जठर सैल होणं, रिकामं होणं दोन्ही बिघडतं. दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर सोनोग्राफी, रक्त आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी मागून घ्यायची. 'गॅस झालाय' म्हणून ओवा चघळत वर्ष काढायचं नाही. आमच्या त्या चिमणीसारखं खाणाऱ्या बाईला दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं. गाठबीठ काही नव्हतं, हिमोग्लोबिन मात्र साडेसात होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायला सांगितलं. तीन महिन्यांनी ती पाऊण भाकरीवर आली. मोठी बातमी नाही, पण आम्हाला पेढ्याएवढी.

राजस्थानात बांसवाडा आणि सिरोही या भागांत आदिवासी कुटुंबांमध्ये एक प्रयोग झाला होता. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, एवढंच सांगितलं. पैसे वाटले नाहीत की धान्य वाटलं नाही. बायकांचं उपाशी राहणं कमी झालं, कारण पातेल्यात किती उरलंय ते नवऱ्याला डोळ्यांनी दिसू लागलं. मला हा प्रयोग फार आवडतो. पोट भरण्याचा अर्धा भाग अन्नाचा आहे, आणि अर्धा ते कोणत्या वेळी, कोणाबरोबर, किती निवांत खाल्लं याचा.

आम्ही आमच्या गटात महिनाभर एक वही फिरवली. प्रत्येकीने एवढंच लिहायचं, दुपारी किती वाजता जेवले, बसून की उभ्याने, किती वेळा उठावं लागलं. पहिल्या आठवड्यात एकीनेही वीस मिनिटं बसून जेवल्याचं लिहिलं नव्हतं. एकीने जेवताना अकरा वेळा उठल्याचं लिहिलं. तिच्या नवऱ्याने ती वही वाचली आणि म्हणाला, एवढं काही नसतं, वाढवून लिहिलंयस. मग एका रविवारी त्याने स्वतः मोजलं. सात वेळा निघालं, आणि त्यातल्या चार वेळा त्यानेच तिला उठवलं होतं, एकदा लोणच्यासाठी, एकदा पाण्यासाठी आणि दोनदा टीव्हीचा रिमोट शोधायला. आता ती पाण्याचा तांब्या, लोणचं आणि रिमोट तिन्ही आधीच घेऊन बसते. चौथी वस्तू मागितली की तो स्वतः उठतो, असं तिने परवाच्या बैठकीत सांगितलं. वहीत त्या दिवशी तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं, वीस मिनिटं, बसून, उठणं दोन वेळा.